तसबीर, मुखपृष्ठ आणि गिऱ्हाईक

व्हिडिओ गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांतील स्त्रीपात्रांची अंगकाठी व वेशभूषा जाणूनबुजून उत्तान ठेवली, तर त्या खेळांचा खप वाढतो काय, या प्रश्नाची चर्चा गेली सुमारे तीस वर्षे पश्चिमेकडे चालू आहे. १९९६ साली ‘टूम रेडर’ हा खेळ निघाला आणि त्यातील लारा क्रॉफ्ट या नायिकेच्या देहाकृतीविषयी पुष्कळ लिहिले गेले, तेव्हापासून या चर्चेस विशेष धार आली. विक्रेत्यांचा पक्ष असा की, गिऱ्हाइकाला जे हवे ते आम्ही देतो. आक्षेपकांचा पक्ष असा की, देह दाखवून माल खपविण्याची ही युक्ती आहे. हे दोन पक्ष परस्परांचे वैरी दिसतात खरे. परंतु स्त्रीदेहाचे उघडे चित्र आपोआप खपते, हे गृहीतकृत्य दोघांनीही तपासल्यावाचून मान्य केलेले आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकृत्याचीच परीक्षा करावयाची आहे, आणि तीही मुख्यतः मुंबई व तिच्या उपनगरांत छापल्या, रेखाटल्या व विकल्या गेलेल्या चित्रांच्या आधारे.

पाश्चात्त्य संशोधन काय सांगते ते प्रथम थोडक्यात पाहू. क्रिस्टोफर नियर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात खेळांच्या ३९९ वेष्टनचित्रांचा त्यांच्या विक्रीशी संबंध तपासला. वेष्टनावर स्त्री असून ती दुय्यम स्थानी असेल व तिचे चित्रण उत्तान असेल, तेथे विक्री अधिक आढळली. स्त्री मध्यवर्ती स्थानी असेल, मग तिचे चित्रण कसेही असो, तेथे विक्री कमी आढळली. रॉबर्ट लल व ब्रॅड बुशमन यांनी २०१५ साली जाहिरातीविषयीच्या ५३ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लैंगिक आवाहन करणाऱ्या जाहिरातीमुळे मालाविषयीचे मत काहीसे प्रतिकूलच होते, खरेदीच्या इच्छेत लक्षणीय फरक पडत नाही आणि असे आवाहन जितके तीव्र, तितकी मालाची आठवण व खरेदीची इच्छा दोन्ही घटत जातात, असे त्यांना दिसले. जॉन वर्ट्झ व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली ७८ अभ्यास एकत्र करून जवळजवळ हाच निष्कर्ष काढला: जाहिरात लक्षात राहते, मालाचे नाव राहत नाही, आणि विकत घेण्याची इच्छा आहे तेथेच राहते. खुद्द ‘टूम रेडर’ची २०१३ सालची आवृत्ती पाहावी. तीत नायिकेची अंगकाठी सामान्य मनुष्यासारखी केली गेली, आणि त्या मालिकेत सर्वाधिक खप याच आवृत्तीचा झाला.

हे आकडे मोलाचे आहेत, परंतु त्यांत एका गोष्टीचा पत्ता लागत नाही. गिऱ्हाईक ती वस्तू कोणादेखत मागते, कोणत्या नावाने मागते आणि घरी नेऊन कोठे ठेवते? महाराष्ट्रात छापील चित्रांचा बाजार सुरू होऊन सुमारे दीडशे वर्षे झाली. त्या बाजाराचा इतिहास पाहिला, तर चित्रातील देह किती उघडा आहे यापेक्षा ते चित्र घेण्यास गिऱ्हाइकाला कोणते निमित्त मिळते, यावर खप अधिक अवलंबून राहिला, असे दिसून येते. देहाचे आकर्षण निष्प्रभ होते असे मला म्हणावयाचे नाही. ते प्रभावी होते; मात्र ज्याचा उच्चार करावा लागत नाही अशा आकर्षणालाच मोठे गिऱ्हाईक मिळाले.

मुंबईपासून ठाण्याकडे लोहमार्ग न्यावा व तो पुढे घाट चढवावा, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी त्या मार्गावरून पहिली गाडी धावली आणि १८६३ साली बोरघाटाची चढण पुरी झाली. आपल्या विषयातील पहिले मोठे प्रकरण याच मार्गाच्या काठी घडले. राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रणाचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला. भांडुपच्या अलीकडे मुंबईच्या बाजूस असलेले घाटकोपर हे त्याचे ठिकाण होते. तेथून १८९९ साली, प्लेगच्या धामधुमीनंतर, तो घाटावर लोणावळ्याजवळ मळवलीला हलविला गेला. यंत्रे जर्मनीतून आणविलेली, कारागीरही तिकडचे, भांडवलात गोवर्धनदास खटाव मकनजी यांचा वाटा. तैलचित्रांच्या प्रती काढून त्या लोकांत पसराव्यात असा सल्ला टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना दहा वर्षे आधीच दिलेला होता. या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते.

यापूर्वी महाराष्ट्रात छापील देवचित्रे नव्हती असे मात्र नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली होती, व तिचे ‘रामपंचायतन’ घरोघर पोहोचले होते. ही चित्रे पाहिली म्हणजे रविवर्म्यांनी काय बदलले ते ध्यानात येते. चित्रशाळेच्या देवतांच्या रेषा ठसठशीत, रंग सपाट आणि अंगे जवळजवळ वजनरहित आहेत. रविवर्म्यांची लक्ष्मी मात्र कमळावर खरोखर उभी आहे. तिच्या देहाला भार आहे, दंडाला गोलाई आहे, लुगड्याच्या चुणीखाली गुडघा जाणवतो. युरोपीय चित्रशाळांत नग्न देह रेखाटण्यासाठी जी छायाप्रकाशाची विद्या सिद्ध झाली होती, ती येथे वस्त्रांकित देवतेच्या कामी आली. पाहणाऱ्याला देवी दिसली आणि स्त्रीही दिसली. याच रीतीने काढलेल्या चित्रांनी पुढील अर्धशतक बाजार व्यापला, तेव्हा देहाच्या आकर्षणाचा खपाशी संबंध नव्हता असे कोण म्हणेल?

परंतु याच छापखान्याने रंभा, मेनका, मोहिनी, तिलोत्तमा यांचीही चित्रे काढली. त्यांत वस्त्र अधिक झिरझिरीत आहे, नजर अधिक सरळ आहे, आणि प्रसंगच असा निवडलेला आहे की मोह हाच चित्राचा विषय व्हावा. ‘उघडे ते खपते’ हा नियम खरा असता, तर लक्ष्मी-सरस्वती मागे पडून या अप्सरा पुढे यावयास हव्या होत्या. घडले ते उलट. लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या प्रती घरे, दुकाने, शाळा, पेढ्या सर्वत्र टांगल्या गेल्या. त्यांच्या मुद्रा, आयुधे व उभे राहण्याची ढब इतर छापखान्यांनी उचलली, आणि आजच्या दिनदर्शिकांवरही तीच लक्ष्मी उभी आहे. न खपणाऱ्या मालाची नक्कल कोणी करीत नाही. म्हणून नक्कल ही खपाची साक्ष मानावयास हरकत नसावी. मेनकेचे चित्र घरात लावता येत नव्हते असे नाही, पण ते लावणाऱ्याला त्याची आवड कबूल करावी लागत होती. लक्ष्मीचे चित्र लावणाऱ्याला तसे काही कबूल करावे लागत नव्हते. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, एवढी लोकप्रियता लाभूनही छापखाना कर्जातून वर आला नाही व विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. खप आणि नफा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे खेळांच्या चर्चेतही बहुधा विसरले जाते.

या ठिकाणी भाषेची साक्ष काढणे मला अवश्य वाटते. अशा छापील चित्रास मराठी गिऱ्हाइकाने ‘चित्र’ फारसे म्हटलेच नाही. जुन्या पिढीत तो शब्द ‘तसबीर’ होता आणि पुढे तो ‘फोटो’ झाला. ‘देवाचा फोटो’ या शब्दप्रयोगावर शिष्टजन हसतात, कारण देवाचे छायाचित्र कोण काढणार? पण हा प्रयोग अडाणीपणाचा नाही. चौकटीत घातलेली, काच लावलेली, भिंतीवर टांगलेली व नमस्कारास पात्र अशी जी वस्तू, तिचे ते नाव आहे. तिच्यात आजोबांचा फोटो आणि लक्ष्मीचा फोटो एकाच पंगतीत बसतात. ‘चित्र’ म्हटले की चित्रकार आठवतो, त्याचे कौशल्य आठवते, आणि कदाचित ज्या स्त्रीला समोर बसवून त्याने ते काढले तीही आठवते. ‘फोटो’ म्हटले की ज्याचा फोटो आहे तेवढीच व्यक्ती उरते. गिऱ्हाइकाने निवडलेल्या या एका शब्दाने चित्रातील स्त्रीदेहावर पडदा ओढला, तोही त्या देहाचे सौंदर्य यत्किंचित कमी न करता.

‘अश्लील’ हा शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आज त्याचा अर्थ आपण लज्जास्पद, विशेषतः कामविषयक असा करतो. मुळात तो ऋग्वेदकालीन ‘अश्रीर’ या रूपाचा रकाराचा लकार झालेला पुढचा अवतार आहे; अर्थ, ज्यात श्री नाही ते, शोभाहीन, अभद्र. साहित्यशास्त्रात मम्मटादिकांनी अश्लीलाचे तीन प्रकार सांगितले: व्रीडा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगल. यांतील तिसरा प्रकार आधुनिक कायद्याच्या विचारातून सर्वस्वी गळाला आहे. परंतु मराठी घराच्या भिंतीवर तो शंभर वर्षे राज्य करीत होता. घरात काय टांगावे याचा निकष ‘लाज वाटते की नाही’ एवढाच नव्हता; ‘मंगल की अमंगल’ हाही होता, आणि माझ्या मते तोच बलवत्तर होता. लक्ष्मी म्हणजे साक्षात श्री. जिथे श्री आहे तिथे अश्लील कोठून येणार? व्युत्पत्तीचा असा आधार काही कोणी गिऱ्हाइकाने शोधला नव्हता, हे उघड आहे. पण भाषेतील जुने विभाग लोकांच्या वागण्यात शब्द विसरल्यावरही टिकतात, याचे हे एक उदाहरण मानता येईल.

कायद्यानेही नकळत हेच निमित्त मान्य केले होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २९२ व्या कलमाने अश्लील वस्तूंची विक्री हा गुन्हा ठरविला, पण देवळांवरील शिल्पे, देवांचे रथ आणि धर्मकार्यासाठी ठेवलेल्या वस्तू यांना सूट दिली. २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही सूट कायम आहे.

ज्याने सर्व निमित्ते नाकारली अशा एका प्रकाशकाचे उदाहरण आपल्याकडे सुदैवाने आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. संततिनियमन व लैंगिक आरोग्य हा त्याचा विषय, आणि मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र. ते चित्र कोणत्याही अप्सरेचे नव्हते, त्याला पुराणाचा आधार नव्हता, हातात दिवा नव्हता की कमळ नव्हते. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, ही कर्व्यांची भूमिका होती, व ती त्यांनी आडपडदा न ठेवता मुखपृष्ठावर मांडली. खटले झाले ते आतील मजकुरावरून. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, तरी दंड व्हावयाचा तो झालाच. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. दर महिन्याला नग्न स्त्रीदेह मुखपृष्ठावर घेऊन निघणारे हे मासिक सव्वीस वर्षांत कधीही फायद्यात आले नाही. कर्व्यांनी ते पदरमोड करून चालविले, ऑक्टोबर १९५३ मध्ये ते वारले, आणि त्या नोव्हेंबरनंतर मासिक थांबले.

यावर असा आक्षेप येईल की, गिऱ्हाईक बिचकले ते आतील विषयाला, मुखपृष्ठाला नव्हे. आक्षेप योग्य आहे. पण त्यातून निघते ते एवढेच की, नग्न मुखपृष्ठाच्या अंगी नावडता विषय खपविण्याचे बळ नव्हते. आणि ‘उघडे ते खपते’ म्हणणारा पक्ष नेमके तेच बळ गृहीत धरून चालतो. शिवाय ‘समाजस्वास्थ्य’ विकत घेणाऱ्याला दुकानदारापुढे, पोस्टमनपुढे आणि घरच्यांपुढे कोणतेही निमित्त पुढे करता येत नव्हते. कर्व्यांना ते मान्य नव्हते, कारण निमित्त म्हणजे दंभ अशी त्यांची धारणा होती. दंभाला विरोध म्हणून हे धैर्य अपूर्व होते. विक्रीची युक्ती म्हणून मात्र ते फुकट गेले.

कर्व्यांच्या शेजारी दिवाळी अंक ठेवून पाहावेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, पण मुखपृष्ठावरील स्त्री ही त्या परंपरेची ओळख बनली ती मुख्यतः दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर या दोन चित्रकारांमुळे. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढली. मुळगावकरांची मुखपृष्ठे व दिनदर्शिका तर खेड्यापाड्यांपर्यंत गेल्या. या चित्रांतील स्त्रिया निःसंशय मोहक आहेत. चोळीचा ताठा, पदराची ओढ, ओलेते केस यांत चित्रकाराचे मन रमले आहे हे लपत नाही. पण तिच्या हातात पणती आहे, किंवा ती रांगोळी काढते आहे, किंवा औक्षणाचे तबक घेऊन उभी आहे. पणती काढून टाका, आणि तेच चित्र दिवाणखान्यातून उचलून कपाटात ठेवावे लागेल. दिवाळी अंक हा घरातील कर्ता पुरुष आणी आणि सारे घर वाची; तेव्हा मुखपृष्ठावरील स्त्री सासूसुनांच्या, मुलांच्या नजरेतून पार व्हावी लागे. पणतीचा प्रकाश जितका चेहऱ्यावर पडतो तितकाच तो गिऱ्हाइकाच्या हेतूवरही पडतो, व तो हेतू उजळून निघतो.

मासिकांची नावेही याच परंपरेत बसतात. ‘मोहिनी’, ‘मेनका’, ‘रंभा’: रविवर्म्यांच्या छापखान्यातील अप्सरांची यादी जणू मासिकांच्या दुकानात पुन्हा लागली. गमतीची गोष्ट अशी की ‘मेनका’ आणि ‘माहेर’ ही दोन मासिके एकाच प्रकाशनाची. अप्सरेचे नाव आणि माहेराचे नाव एका घरात नांदू शकते, हे त्या प्रकाशकांनी ओळखले होते, आणि दोन्ही मासिकांना वाचक मिळाले त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. याउलट ‘रंभा’च्या १९६२ सालच्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘शामा’ या कथेवर खटला भरला गेला. लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता तिघांनाही आरोपी केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकास पंचवीस रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्यास निर्दोष ठरविले. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते. परंतु विक्रेत्यासही आरोपी करण्यामागे विचार होता तो हाच, की अशी वस्तू दुकानात ठेवली की ती आपोआप हातोहात जाते. वादी आणि विक्रेता यांचे गृहीतकृत्य एकच असते, असे मी आरंभी म्हटले ते या अर्थाने.

इथवर चित्र हीच विकण्याची वस्तू होती. चित्र निराळे आणि वस्तू निराळी असेल तर काय घडते, याची दोन उदाहरणे मुंबईच्याच व्यापारी इतिहासात आहेत, आणि त्यांतले एक भांडुपशी निगडित आहे. भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, ज्या एशियन पेंट्सच्या कारखान्यात अनेक दशके रंग तयार होत असे, त्या कंपनीसाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एक पात्र रेखाटले. डोळ्यांवर केस आलेला, हातात रंगाचा डबा व ब्रश घेतलेला एक खट्याळ मुलगा. नाव लोकांकडून मागविले व ‘गट्टू’ असे ठेवले गेले. हा मुलगा २००२ पर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे, डब्यांवर आणि गावोगावच्या दुकानांच्या भिंतींवर राहिला. त्या काळी रंगांच्या जाहिरातीसाठी सुंदर स्त्री आणि सुंदर घर ही जोडी सहज सुचण्यासारखी होती; कंपनीने निवडला तो रंगात माखलेला पोर.

दुसरे उदाहरण लोण्याचे. मुंबईच्या बाजारात दीर्घकाळ पोलसनचे लोणी प्रमुख होते, आणि त्याच्या जाहिरातीत एक भरल्या अंगाची, तोकड्या चोळीतील गवळण असे. सिल्व्हेस्टर दाकुन्हा व युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली मुंबईत अमूलसाठी ठिपक्यांचा झगा घातलेली छोटी मुलगी उभी केली, ती या गवळणीस उत्तर म्हणून. लोणी विकत घेते गृहिणी, तेव्हा तिच्या मनात घर करील असे पात्र हवे, असा त्यांचा हिशेब होता. पुढे अमूल राहिले व पोलसन मागे पडले. यावरून ‘मुलीने गवळणीस हरविले’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण इतिहासाच्या अभ्यासकाने तो आवरला पाहिजे. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा सहकारी संघ १९४६ सालीच उभा राहिला होता, दुधाचा पुरवठा त्याच्या हाती गेला होता आणि सरकारी धोरण त्याला अनुकूल होते. गवळणीच्या जागी कोणतेही चित्र असते तरी पोलसनला हे ओझे पेलले नसते. या उदाहरणाचे खरे मोल असे की, गवळण काढणाऱ्याने गिऱ्हाईक पुरुष मानले होते, आणि मुलगी काढणाऱ्याने पिशवी कोणाच्या हातात आहे ते पाहिले. खपावर चित्राचा परिणाम किती, या प्रश्नाआधी गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न विचारावा लागतो.

आता पुन्हा खेळांकडे येतो. आपल्याकडे खेळ आज बहुतांशी भ्रमणध्वनीवर खेळले जातात. पब्जी मोबाइल या खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती निघाली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. तरी या प्रकारच्या खेळांचा पगडा कमी झाला नाही. खेळ फुकट मिळतो व पैसा द्यावा लागतो तो मुख्यत्वे पात्राच्या वेशाला. या वेशाला खेळाडू ‘स्किन’ म्हणतात. वस्त्रालाच त्वचेचे नाव मिळावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास थबकविणारी आहे. आता वस्त्र आणि देह यांतील भेद शब्दातूनही गेला, आणि विकावयाची वस्तू चित्रातील देहाचे आवरण हीच झाली. खरेदी एकांतात होते. दुकानदार नाही, भिंत नाही, सासू नाही, पणतीची गरज नाही. तेव्हा निमित्ताचा कायदा येथे संपला असे प्रथमदर्शनी वाटेल.

तसे ते नाही. आमच्या पदव्युत्तर वर्गातील भांडुपच्या एका विद्यार्थिनीने चर्चेच्या ओघात सांगितले की, ती हे खेळ नियमाने खेळते, पण पुरुषाचे पात्र घेऊन. स्त्रीपात्र घेतले की अनोळखी खेळाडू ते पात्र सोडून तिच्याशीच बोलू लागतात, आणि जे बोलतात ते ऐकवत नाही. तिने आजवर एकाही स्त्रीवेशावर रुपया खर्च केलेला नाही. आवड नव्हती म्हणून नव्हे. तिच्या या एका वाक्याने माझ्या मते प्रश्नाची बाजूच पालटते. खरेदी एकांतात होत असली तरी विकत घेतलेला वेश सर्वांदेखत वागवावा लागतो. भिंत गेली, पण भिंतीकडे पाहणारे गेले नाहीत, त्यांची संख्या मात्र अमर्याद झाली. विक्रीच्या आकड्यांत ज्यांनी वेश घेतला ते मोजले जातात. ज्यांनी घ्यावयाचा सोडून दिला, किंवा खेळच सोडला, ते कोणत्याही रकान्यात येत नाहीत. ‘गिऱ्हाइकाला हेच हवे असते’ हे विधान उरलेल्या गिऱ्हाइकांची मोजदाद करून केलेले असते, व ते करणारा पोलसनच्या गवळणीपासून फार पुढे आलेला नसतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. २०१७ साली लोकवर्गणीतून त्यासाठी पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला होता. नायिका डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे, हरवलेल्या धाकट्या भावाला ती शोधते, आणि तिला शस्त्र मिळते ते दुर्गेकडून. तिच्या वेशात किंवा अंगकाठीत कोणतेही उत्तान आवाहन नाही. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. घाटकोपरच्या छापखान्यातील देवी येथे पुन्हा उभी आहे, पण तिचे काम बदलले आहे. रविवर्म्यांच्या लक्ष्मीत स्त्रीदेह आणि देवी एकत्र होते, व देवीच्या नावाने देह घरात आला. येथे दुर्गा वेगळी आहे, मुलगी वेगळी आहे. आणि खेळणारा, मग तो कोणत्याही देशाचा असो, मुलीकडे पाहत बसत नाही, तिच्या हाताने लढतो. पाहण्यासाठी घेतलेले चित्र आणि वागविण्यासाठी घेतलेले पात्र यांतील हा फरक खपाच्या अभ्यासात अद्याप पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत जळाला, म्हणून त्या बाजूचा पुरावा आता गिऱ्हाइकांकडूनच मिळवावयाचा आहे. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील जुन्या चाळींचा पुनर्विकास वेगाने चालू असून घर रिकामे करताना तसबिरी प्रथम बाहेर पडतात. कोणती तसबीर घरात कोणत्या भिंतीवर होती, ती कोणी आणली, व तिला घरात काय म्हणत असत, एवढ्या तीन गोष्टींची नोंद आमच्या विद्यार्थ्यांनी भांडुपपासून सुरू करावी, असे योजिले आहे. त्याच विद्यार्थ्यांना त्यांच्या खेळातील वेश कोणी, कोणासमोर व कोणत्या नावाने घेतला, हेही विचारले जाईल.